हरणाचे वाटे

चकलीचा तुकडा मोडीत दिवाळी अंक चाळणाऱ्या वाचकापुढे हरणाच्या मांसाचा विषय काढणे हे थोडे धारिष्टाचेच काम आहे. म्हणून आरंभीच एक खुलासा करून टाकतो. आपल्या देशात हरीण मारणे हा गुन्हा आहे आणि त्याचे मांस जवळ बाळगणे हाही गुन्हाच आहे. १९७२ साली वन्य जीवांच्या संरक्षणाचा कायदा झाला, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची उरलीसुरली वाटही बंद झाली, आणि झाले ते योग्यच झाले. तेव्हा हा लेख वाचून कुणी सुरी पाजळीत रानाकडे निघू नये. मी सांगणार आहे ती हकीकत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातली आहे. जे आपल्याकडे तुरुंगाचे कारण, ते तिथे नोव्हेंबर महिन्यात घरोघरचे काम असते.

मी पेशाने शाळामास्तर. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. गाव कोकणातले. मुलगी आणि जावई मॅडिसन शहराजवळच्या एका लहानशा गावी राहतात. गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा संपत आला, आणि एके दिवशी पाहतो तो गावातली निम्मी माणसे भडक नारिंगी कोट-टोप्या घालून हिंडताहेत! मला वाटले, एखाद्या पंथाची यात्रा असावी. मुलगी हसून म्हणाली, “बाबा, उद्यापासून बंदुकीचा हंगाम. नऊ दिवस. रानात एकाची गोळी दुसऱ्याला लागू नये म्हणून तो रंग.”

या नऊ दिवसांत त्या एका राज्यात पाच लाखांहून अधिक माणसे हरणामागे रानात शिरतात. मला आधी हे क्रूर वाटले. पण त्याचीही एक बाजू आहे. त्या मुलखातले लांडगे आणि डोंगरी सिंह माणसानेच पूर्वी मारून संपवले. लांडगे उत्तरेच्या रानांत आता पुन्हा आले आहेत, पण दक्षिणेकडच्या शेतीच्या मुलखात पांढऱ्या शेपटीच्या हरणांना आवर घालणारा कुणी उरलेला नाही. ती मक्याच्या शेतांत शिरतात, कोवळी झाडे खाऊन टाकतात आणि रात्री मोटारींपुढे येतात. आल्डो लिओपोल्ड नावाचे एक मोठे वनविद्यापंडित १९३३ पासून याच मॅडिसनच्या विद्यापीठात शिकवीत. तरुणपणी त्यांनी स्वतः लांडगे मारले होते. पुढे त्यांना पश्चात्ताप झाला, आणि लांडगा गेला की हरणेच डोंगर खाऊन टाकतात, हे त्यांनी लिहून ठेवले. लांडग्याचे काम माणसाने अंगावर घेतले आहे, असे त्या नारिंगी टोप्यांकडे पाहून म्हणावे लागते.

गॅरेजमधले हरीण

शेजारच्या घरी एक आजीबाई राहतात. वय सत्तरीच्या पुढे, अंगकाठी सडसडीत. त्यांचे यजमान त्याच वर्षीच्या वसंतात वारले होते. दर वर्षी शिकार यजमानांची, आणि शिकारीनंतरचे सारे कामही त्यांचेच. त्या वर्षी प्रथमच त्यांचा पंधरा वर्षांचा नातू आजोबांची बंदूक घेऊन आपल्या मामाबरोबर रानात गेला आणि पहिल्याच दिवशी एक हरिणी घेऊन परतला. नोंद त्याने त्याच रात्री मोबाइलवरून सरकारकडे केली. हरिणी गॅरेजात आडव्या लोखंडी दांड्याला मागच्या पायांनी टांगली. बाहेर पाणी गोठत होते. गॅरेजात शीतपेटीइतकी थंडी होती.

तीन दिवसांनी आजीबाई आमच्या दारात आल्या. मुलगी कामावर गेली होती. त्या मला म्हणाल्या, “दोन हात कमी पडताहेत. तुम्ही नुसते धरायला याल का?”

सौभाग्यवतींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तिचे वर्णन करीत नाही. त्यांच्या माहेरी कांदा-लसूणही सणावारी वर्ज्य. पण शेजारधर्म हा सर्व देशांत एकच, असे म्हणून मी कोट चढवला.

“तीन दिवस का थांबलात?” मी विचारले. आमच्या गावी शिकार आली की त्याच रात्री चुलीवर चढे.

“मेल्यावर जनावर आखडते,” त्या म्हणाल्या. “त्या आखडलेल्या अवस्थेत कापले तर मांस चिवट ते चिवटच राहते. एक दिवस तरी जाऊ द्यायचा. पुढे थंडीत टांगून ठेवले की ते आपोआप मऊ पडत जाते. मात्र ऊन पडले तर एक तासही थांबायचे नाही.”

कातडे आदल्या रात्रीच काढले होते. त्यात सुरी थोडी आणि ओढणेच जास्त, असे नातवाने मला सांगितले. हरिणीचे वजन जिवंतपणी सत्तर किलोच्या आसपास असावे. तिच्यातून हाडाशिवायचे मांस निघते वीस ते पंचवीस किलो.

नातवाने मला विचारले, “तुमच्या भाषेत हिला काय म्हणतात?”

मास्तराला असा प्रश्न विचारणे म्हणजे आयतीच संधी. मी सांगितले, “मराठीत हरीण, संस्कृतात मृग. पण मृग म्हणजे मुळात कोणताही रानपशू. म्हणून सिंह तो मृगेंद्र, फांदीवरचे वानर ते शाखामृग आणि शिकार ती मृगया.” पोराला गंमत वाटली. घरी येऊन मी कोश उघडला तो काय आश्चर्य! इंग्रजीतला ‘डियर’ हा शब्दही मुळात कोणत्याही पशूला लावीत, आणि ‘व्हेनिसन’ हा शब्द शिकार करणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला आहे. दोन टोकांच्या दोन भाषांनी एकाच प्राण्यापाशी येऊन थांबावे, हा योगायोग मला मोठा मौजेचा वाटला.

सांधा शोधावा

भिंतीवर एक हाडे कापायची करवत टांगलेली होती. नातवाने तिच्याकडे हात नेला, तो आजीबाई म्हणाल्या, “ती राहू दे. ती आता लागत नाही.” का लागत नाही, ते पुढे कळले. टेबलावर एक सुरी होती. पाते अरुंद, वीतभरही लांब नाही. मुठीचे लाकूड एका बाजूस आंगठ्याने झिजून खोलगट झालेले. ती आजोबांची. मला वाटले होते, एवढ्या धुडाला निदान कोयता तरी हवा. आजीबाई म्हणाल्या, “मोठी सुरी माणसाला घाई करायला लावते.”

पहिल्यांदा त्यांनी आतल्या दोन पट्ट्या काढल्या. पोटाच्या पोकळीत, कण्याला आतून चिकटलेल्या, वीत-दीड वीत लांबीच्या या पट्ट्या म्हणजे साऱ्या शरीरातले सर्वांत मऊ मांस. जो स्नायू राबत नाही तो मऊ राहतो, हा त्यातला साधा नियम. (माणसांच्या बाबतीतही तो खरा असावा!) या पट्ट्या उघड्या पडलेल्या असतात म्हणून लवकर सुकतात, तेव्हा त्यांना पहिला मान.

मग पुढचे पाय. मला वाटले, आता हाड फोडावे लागणार. आजीबाई म्हणाल्या, “पाय धरा आणि अंगापासून दूर ओढा.” मी ओढला. नातवाने काखेत सुरी घातली, दोन-चार वेळा हलकेच फिरवली, आणि सगळा पाय खांद्यासकट माझ्या हातात आला! हाडाचा सांधा कुठेच नाही. मी चकित झालो. आपल्या खांद्याला गळ्याखालच्या आडव्या हाडाचा आधार असतो. हरणाला ते हाडच नसते. त्याचा पुढचा पाय धडाला नुसत्या स्नायूंनी बांधलेला असतो. झेप घेऊन ते खाली येते तेव्हा सारा धक्का त्या स्नायूंच्या झोळीत जिरतो. चाळीस वर्षे मी मुलांना हरणाची चपळाई वर्णन करून सांगत होतो. तिचे कारण मला त्या गॅरेजात समजले.

त्यानंतर पाठ. कण्याच्या दोन्ही बाजूंना मानेपासून कमरेपर्यंत मनगटाएवढ्या जाडीचा एकेक लांब स्नायू असतो. आपल्याकडे खाटीक चापा तोडतो त्या याच भागाच्या, हाडासकट. इथे मात्र सुरीचे टोक कण्याच्या उभ्या हाडाला घासत वरून खाली यायचे, मग बरगड्यांवरून आडवे फिरायचे, की ती लांब वळी अखंड सुटून येते. तिच्यावर एक चंदेरी पापुद्रा असतो. तो कितीही शिजवला तरी विरघळत नाही, उलट आकसून मांस वेडेवाकडे करतो. त्याचे टोक डाव्या हाताने ताणून धरायचे आणि पाते आडवे, किंचित वर रोखून, सरकवीत न्यायचे. आजीबाईंनी केले तेव्हा पापुद्रा फितीसारखा निघाला. मी केले तेव्हा त्याच्याबरोबर अर्धा पाव मांसही निघाले.

मागच्या पायात मात्र खरा सांधा आहे. उखळात गोल गोटा बसावा तसे मांडीच्या हाडाचे डोके कमरेच्या हाडात बसलेले असते. पाय मागे वळवला की तो गोटा उघडा पडतो. त्याच्या भोवतीचे बंद कापले की पाय मोकळा. असा पाय टेबलावर आला आणि आजीबाईंनी सुरी खाली ठेवली. नातवाला म्हणाल्या, “आता आंगठा.”

मांडी म्हणजे बाहेरून एकच गोळा दिसतो. पण तो पाच-सहा निरनिराळ्या स्नायूंचा गठ्ठा असतो, आणि प्रत्येकाभोवती पातळ पडदा असतो. दोन पडद्यांमधली फट आंगठ्याने चाचपायची, बोट आत घालायचे, आणि जिथे अडेल तिथेच सुरीचे टोक लावायचे. आतला चपटा मोठा स्नायू, बाहेरचा लांबट, त्यांच्यामध्ये लपलेला काकडीसारखा गोल आणि गुडघ्यावरचा असोल्या नारळासारखा, असे एकामागून एक आपापल्या जागेवरून उठून येऊ लागले. मला आमच्या माजघरात फणस फोडणारी आई आठवली. फणसात ज्याला गरे दिसत नाहीत तो सुरीने सगळ्याचा चेंदा करतो. ज्याला दिसतात तो बोटांनीच एकेक गरा सोडवून ताटात ठेवतो. हेही तसेच. हे कापणे नव्हे, सोडवणे आहे.

आणि सोडवायचे का, तर प्रत्येक स्नायूचा धागा वेगळ्या दिशेने जातो. वेगळा केलेला स्नायू नंतर धाग्याला आडवा कापता येतो. आडवा कापला की दाताखाली धागा तोकडा येतो आणि तुकडा मऊ लागतो. उभा कापला तर तोच तुकडा दोरखंड. एका मांडीतून असे भाजण्याचे तुकडे, पातळ कापांचे तुकडे, रश्श्याचे तुकडे निघतात. पोटरीचे मांस सर्वांत चिवट, शिरांनी भरलेले. पण मंद आचेवर तीन-चार तास ठेवले की त्याच शिरा विरघळून चिकट, दाट रस होतो. पाठीच्या वळीचे उलट. ती दोन बोटे जाडीची कापून तापल्या तव्यावर दोन-दोन मिनिटे, बस्स. हरणाच्या मांसात चरबी अगदी थोडी, शंभर ग्रॅमला दोन-तीन ग्रॅम. त्यामुळे आच जरा जास्त झाली की त्याचा जोडा होतो. वरवरची जी चरबी असते तीही मेणासारखी टाळूला चिकटते. म्हणून तीही खरवडून काढायची.

एका ठिकाणी नातवाचा हात चुकला. घाईने त्याने फट सोडून सुरी सरळ मोठ्या स्नायूतून आरपार नेली. चांगल्या तुकड्याचे दोन भलतेच भाग झाले. पोराचा चेहरा उतरला. सुरी आजोबांची, हरीण पहिले, आणि आजी समोर उभी! तो काही बोलेना. आजीबाईंनी ते दोन्ही भाग उचलले आणि बाजूच्या पातेल्यात टाकले. “खिम्यात जाईल,” त्या म्हणाल्या. “तुझ्या आजोबांच्या पहिल्या हरणाचा तर निम्मा खिमाच झाला होता.” मान, बरगड्यांमधले मांस, पोटाचा पडदा, कडेचे लहानसहान तुकडे, सगळे त्या पातेल्यात जात होते. पुढे त्यात थोडी डुकराची चरबी मिसळून ते यंत्रातून काढतात. मी मनात म्हटले, बरे आहे, खिमा सर्वांनाच पोटात घेतो.

हाडांचा प्रश्न

काम उरकत आले तेव्हा टेबलाच्या एका बाजूस तुकडे आणि दुसऱ्या बाजूस एका मोठ्या पिशवीत हाडे साठली. मला राहवेना. “अहो बाई, या नळ्या टाकून देणार? आमच्याकडे नळीवरून जावयांचे रुसवेफुगवे होतात!”

खरोखर, आपल्या आणि त्यांच्या कापण्यात मोठा फरक इथेच आहे. आपला खाटीक चिंचेच्या ओंडक्यावर मांस ठेवतो आणि सुऱ्याच्या घावाने हाडासकट तुकडे पाडतो. रान, दस्ती, चाप, सीना ही नावे असतात, पण शेवटी सगळे रश्श्यात जायचे, आणि रश्श्याला हाडाचीच चव. तुकडा लहान हवा, कारण तो भाकरीबरोबर चार बोटांनी उचलायचा असतो. तिथे काटा-सुरी, म्हणून मोठा, हाडाशिवायचा तुकडा.

पण आजीबाईंचे कारण निराळे होते. त्या म्हणाल्या, “पूर्वी आम्हीही करवतीने बरगड्या कापीत होतो, हाडांचे सूप करीत होतो. २००२ नंतर करवत भिंतीवर गेली.”

हरणांना एक रोग होतो. त्याचे इंग्रजी नाव क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे झिजवून झिजवून मारणारा रोग. १९६७ साली तो कोलोरॅडो राज्यात पाळलेल्या हरणांत प्रथम दिसला. विस्कॉन्सिनात तो २००२ च्या फेब्रुवारीत सापडला, तोही मॅडिसनच्या जवळच, माउंट होरेब गावाच्या परिसरात. हा रोग जंतूंचा नव्हे, विषाणूंचाही नव्हे. शरीरातलेच एक प्रथिन वेडेवाकडे दुमडते आणि शेजारच्या प्रथिनांनाही तसेच दुमडायला लावते. अशा प्रथिनाला प्रायॉन म्हणतात. ते शिजवून मरत नाही, कारण ते जिवंतच नसते. मातीत पडले तर वर्षानुवर्षे राहते. रोगी हरीण कितीतरी महिने धडधाकट दिसते. मेंदू, पाठीचा कणा, डोळे, प्लीहा, गळ्यातल्या गाठी या ठिकाणी तो रोग विशेष साठतो. माणसाला तो झाल्याचे आजवर आढळलेले नाही. पण रोगी ठरलेल्या हरणाचे मांस खाऊ नये, असे तिथल्या आरोग्य खात्याचे स्पष्ट सांगणे आहे.

म्हणून करवत नको. करवत कण्यातून गेली तर तिच्या दातांबरोबर आतला मगज सगळ्या मांसावर पसरतो. सुरी सांध्यासांध्यातून फिरली तर हाडांच्या आतले हाडांच्या आतच राहते. हरिणीचे डोके, थोडी मान तशीच ठेवून, नातवाने आदल्या दिवशी सरकारने ठेवलेल्या पेटीत नेऊन टाकले होते. तिथे गळ्यातल्या गाठी काढून तपासतात. शिकाऱ्याला त्याचे पैसे पडत नाहीत. त्याला एक क्रमांक मिळतो. आता प्रत्येक तुकडा आधी प्लास्टिकमध्ये, मग मेणकागदात गुंडाळून त्यावर तुकड्याचे नाव, तारीख आणि तो क्रमांक घालायचा आणि शीतपेटीत ठेवायचा. उत्तर येईपर्यंत एकाही पुडीला हात लावायचा नाही. सुऱ्या आधी घासून स्वच्छ केल्या, मग पाच भागांत दोन भाग ब्लीच घातलेल्या पाण्यात पाच मिनिटे बुडवल्या. हाडांची पिशवी घट्ट बांधून नगरपालिकेच्या कचराभूमीकडे गेली. रानात टाकायची नाही. तिथल्या मातीतून दुसऱ्या हरणाला रोग होईल.

ही पिशवी बांधताना आजीबाई जरा थांबल्या. “माझे यजमान छातीच्या हाडाचा एक तुकडा नेहमी कुंपणापलीकडे कावळ्यांना टाकीत. त्यांच्या वडिलांची रीत होती. तीही आम्ही बंद केली.”

ही रीत फार जुनी आहे. मध्ययुगीन इंग्लंडात राजेलोक हरीण मारीत तेव्हा ते उलगडण्याचा मोठा विधी असे. कोणता भाग आधी, कोणता नंतर, कुणाला काय, सारे ठरलेले. छातीच्या हाडाच्या टोकाचा एक कुर्चेचा तुकडा झाडावरच्या कावळ्यांना भिरकवीत. चौदाव्या शतकातल्या सर गवेनच्या इंग्रजी काव्यात या विधीचे सविस्तर वर्णन आहे. आमच्याकडे पितृपक्षात कावळ्याला पान ठेवतात, असे मी सांगितले तेव्हा आजीबाई कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मग तुम्हाला कळेल.”

सागाच्या पानांवर

मला एक निराळेच कापणे कळत होते. साठ वर्षांपूर्वीचे, कायद्याच्याही आधीचे. आमच्या गावी वर्षातून एक-दोनदा सामुदायिक शिकार होई. हाकारे रान उठवीत, बंदुकीवाले वाटेवर बसत, आणि संध्याकाळी कधी रानडुक्कर तर कधी भेकर खांद्यावरच्या काठीला बांधून गावात येई. देवळापासून थोड्या अंतरावर, माळावर, सागाची पाने मांडली जात. जितकी घरे तितकी पाने. कापणारा एक वृद्ध गृहस्थ असे. त्याला अक्षर येत नव्हते, पण गावात त्याच्याइतका चोख हिशेब कुणाला येत नसे.

तो आंगठ्याने फट शोधीत नसे. तो प्रत्येक भागाचे बारीक तुकडे करी आणि प्रत्येक पानावर थोडे थोडे ठेवी. थोडी मांडी, थोडी बरगडी, कलेजीचा एक काप, एक हाड. ज्याची गोळी लागली त्याला एक फरा वेगळा, बाकी सर्वांचे वाटे सारखे. हाकाऱ्याला आणि पाटलाला एकच. मग आम्हा पोरांपैकी एकाला पाठमोरे उभे करीत. म्हातारा एकेका पानावर बोट ठेवून विचारी, “ह्यो कुणाचो?” पोराने न पाहता एका घराचे नाव घ्यायचे. ज्याचे नाव निघेल त्याचे ते पान. कुरकुरीला जागाच नाही. मी अनेकदा तसा पाठमोरा उभा राहिलेलो आहे, आणि न्याय या शब्दाचा अर्थ मी शाळेत नव्हे, त्या माळावर शिकलो.

विस्कॉन्सिनातली सुरी स्नायूप्रमाणे चालते. आमच्या गावची माणसांप्रमाणे चालत होती. एकीला विचारायचे असते, या तुकड्याचा स्वभाव काय? दुसरीला विचारायचे असते, या तुकड्याचे मालक किती? पण दोन्हींच्या मुळाशी एक गोष्ट सारखीच आहे. जनावर एकदा मारले की त्यातले वाया काही जाऊ द्यायचे नाही, आणि ते एकट्याने खायचे नाही. विस्कॉन्सिनात तर कायदाच असा आहे की रानातल्या हरणाचे मांस विकता येत नाही. दुकानांत मिळते ते पाळीव कळपांतले. रानातले हवे तर स्वतः जावे, नाहीतर कुणीतरी प्रेमाने द्यावे. ज्याला किंमत नाही अशी वस्तू अमेरिकेत मला ही एकच दिसली.

तपासणीचे उत्तर

दहा-बारा दिवस गेले. रोज संध्याकाळी नातू फोनवर आपला क्रमांक घालून पाही. उत्तर आलेले नसे. शीतपेटीत वीस-बावीस किलो मांस होते. रोग निघाला असता तर ते सगळे, आजोबांच्या सुरीने सोडवलेला एकेक तुकडा, पिशवीत बांधून कचऱ्यात गेले असते. पोर वरून काही दाखवीत नव्हते. पण एकदा मला म्हणाले, “तसे झाले तर तिला मी उगीचच मारले असे होईल.” यावर काय बोलावे? मी आयुष्यभर पोरांना उत्तरे देत आलो. याला उत्तर दिले नाही.

एका शनिवारी सकाळी तो धावतच आमच्याकडे आला. ‘रोग आढळला नाही.’ आजीबाई मागून सावकाश येत होत्या. त्या म्हणाल्या, “आढळला नाही एवढेच ते सांगतात. त्याहून जास्त कुणीच सांगू शकत नाही. पण मी इतकी वर्षे एवढ्यावरच जेवत आले आहे.”

दुपारी पुड्या टेबलावर आल्या. कुणाला काय द्यायचे यावर थोडी चर्चा झाली. मामाला पाठीची वळी हवी होती, पण तीच सर्वांना हवी होती. तेव्हा मी भीत भीत आमच्या गावची रीत सांगितली. आजीबाईंना ती फार आवडली. पाच घरे होती: आजीबाई, नातवाचे घर, मामा, समोरचे एक कुटुंब आणि आम्ही. वळीचे सारखे तुकडे केलेलेच होते. मी वाटे मांडू लागलो. प्रत्येक वाट्यात थोडी पाठ, थोडी मांडी, एक पोटरी किंवा मानेचा तुकडा आणि खिम्याची एक पुडी. शिकाऱ्याचा मान म्हणून गुडघ्यावरचा तो नारळासारखा गोल तुकडा नातवासाठी वेगळा ठेवला. सागाची पाने नव्हती, वर्तमानपत्रे होती.

मांडून झाल्यावर मोजले तर वाटे सहा. घरे पाच. मी चूक सुधारू लागलो, तो आजीबाई म्हणाल्या, “राहू द्या.” त्यांच्या यजमानांचा एक जुना सोबती होता. तीस वर्षे दोघे बरोबर रानात जात. आता गुडघ्यांनी घरात बसला होता. “त्याला दर वर्षी मिळत होते,” त्या म्हणाल्या. “या वर्षी त्याने विचारले नाही. विचारणार तरी कसा?”

नातू भिंतीकडे तोंड करून पाठमोरा उभा राहिला. मी एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारले. माझे इंग्रजी मला त्या वेळी आठवेना. मी सरळ आमच्या गावच्या बोलीत विचारले, “ह्यो कुणाचो?” त्याला ते बरोबर कळले.

आमच्या वाट्याला मानेचा तुकडा आला. मुलीने तो मालवणी मसाल्यात चार तास मंद आचेवर ठेवला. हाड नव्हते, तरी रस्सा दाट झाला होता. सौभाग्यवतींनी खिडक्या उघडून ठेवल्या, बाहेर बर्फ पडत असूनही, आणि आपल्यासाठी पिठले टाकले. जेवण झाल्यावर मात्र भांडे घासून, त्यात बेसनाचे चार लाडू घालून, ते शेजारी पाठवण्याची आठवण त्यांनीच केली. दिवाळी होऊन काही आठवडे लोटले होते, पण डब्यात एवढे शिल्लक होते. रिकामे भांडे परत करू नये, ही रीत त्यांच्या माहेरची.